एल्झीभाऊंची वीस काडतुसं

या, जरा जवळ सरका. ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे. इकडे बाकावर बसा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. एक गोष्ट सांगतो. गोष्ट वीस काडतुसांची आहे आणि खरी आहे. तिच्यात मी जिथे शहाणा दिसेन तिथे थोडी पदरची भर आहे असं समजा, आणि जिथे मूर्ख दिसेन तिथे ती जशीच्या तशी आहे.

आमच्या सभाघरातले, म्हणजे आमच्या डोंगरी चर्चमधले, एल्झीभाऊ तुम्ही ऐकले नसतील. वय चौऱ्याऐंशी. प्रवचनाला उभे राहतात तेव्हा हातात कागद नसतो, पुस्तक नसतं. सुरुवात अगदी साधी. गुडघा दुखतोय, मका यंदा बरा आलाय, असलं काहीतरी. मग बोलता बोलता आवाजाला कुठून तरी सूर सापडतो. वाक्याच्या शेवटी श्वास असा काही पडतो की पुढचं वाक्य त्या श्वासावरच उभं राहतं, आणि पाच मिनिटांत बोलणं संपून गाणं सुरू झालेलं असतं. केव्हा झालं ते कुणालाच कळत नाही. केंटकीच्या या डोंगरांत मी जन्म काढला, भल्याभल्यांची गायलेली प्रवचनं ऐकली. पण एल्झीभाऊ मरणाची नदी ओलांडायच्या विषयावर आले की माझे पाय खरोखर ओले झाल्यासारखे वाटतात.

तर ऑगस्टातल्या एका रविवारी प्रवचन संपवून ते सहज म्हणाले, "मंडळी, लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्या नजरेचा मधला भाग चाललाय. पुढच्या शरदात बंदुकीच्या टोकावरची माशी, नेम धरायची ती, मला दिसायची नाही. वडिलांची बंदूक घेऊन या नोव्हेंबरात एकदा डोंगरावर जावं म्हणतो. पण तिचं काडतूस कंपन्यांनी करायचं सोडून जमाना झाला. माझ्याकडे नुसत्या रिकाम्या पुंगळ्या आहेत, कॉफीच्या डब्यात."

माझ्या पायांना अजून नदीचं पाणी लागलेलं होतं. मी उभा राहिलो.

"एल्झीभाऊ," मी म्हणालो, "हरणांचा मोसम उघडायच्या आत तुमच्या त्या पुंगळ्या मी भरून देतो. वीस काडतुसं."

आणि मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. आमच्यात सभेत उभं राहून, हात धरून दिलेला शब्द परत घेता येत नाही. घ्यायचाच झाला तर त्याच जागी, त्याच मंडळींसमोर उभं राहून घ्यावा लागतो. चाळीस वर्षांत असं दोघांनीच केलं. त्यातला एक लगेच ओहायोला राहायला गेला.

शेजारी बसलेली माझी बायको रेथा पुटपुटली, "ऑर्बिन, तू आयुष्यात एक तरी काडतूस भरलंयस का?"

भरलं नव्हतं. पण एकतीस वर्षं मी काउंटीच्या कचेरीत बांधकाम परवान्यांचा विभाग सांभाळला होता. ज्या माणसाने एकेका अर्जाच्या तीन रंगांच्या प्रती चालवल्या, त्याला पितळेच्या पुंगळीत दारू आणि वर गोळी बसवणं काय जड?

काउंटीच्या मुख्य गावी दुकानात गेलो. तिथे काडतुसं भरायच्या दोन तऱ्हेच्या प्रेस होत्या. एक साधी: एक पुंगळी ठेवा, दांडा ओढा, काढा. दुसरी म्हणजे निळ्या रंगाचा एक देखणा राक्षस. त्याच्यात चकती फिरते आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं. तासाला सहाशे.

दुकानदाराने विचारलं, "महिन्याला साधारण किती भरता?"

माझ्यामागे रांगेत चार माणसं उभी होती. सगळ्यांना दाढ्या. त्यांच्यासमोर 'जन्मात एकदा, वीस' असं सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

"कमीजास्त होतं," मी म्हणालो.

राक्षस घरी आला.

मी तो तळघरात रेथाच्या बरण्यांच्या टेबलावर बसवला आणि तिथेच माझं चुकलं. म्हणजे बसवण्यात नव्हे. बसवताना तळघराचं दार उघडं ठेवण्यात. त्या दारातून आधी बर्ल आला आणि त्याच्यामागून हॅस्केल. हे दोघे माझे डावे-उजवे शेजारी. दोघेही पोहोचलेले शिकारी, आणि गेली बावीस वर्षं त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही.

बर्ल यंत्राभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "नुसतीच आणलीस?"

"नुसतीच म्हणजे?"

"म्हणजे जोडसामान कुठंय? अरे, ही नुसती प्रेस म्हणजे चाकांशिवाय ट्रक."

यंत्राबरोबर कंपनीने सव्वाशे पानांची सूची दिली होती. मी कचेरीतला माणूस. सूची म्हटली की पहिल्या पानापासून सुरुवात करायची, मधेच उडी मारायची नाही, हा माझा धर्म. पहिल्या पानावर होता पोलादी चौथरा. त्यावर यंत्र ठेवलं की माणसाला ताठ उभं राहून दांडा ओढता येतो, कंबर दुखत नाही. वीस काडतुसांनी माझी कंबर कितपत दुखली असती हा प्रश्न तेव्हा कुणीच विचारला नाही. चौथरा आला.

तिसऱ्या पानावर दांड्याची मूठ होती. इथे पेच पडला. बर्ल म्हणाला, मूठ गोल हवी, लाकडी चेंडूसारखी. हॅस्केल म्हणाला, छट्, फिरणारा रूळ हवा, नाहीतर तळहाताला फोड येतो.

"माझ्या आज्याने गोल मुठीवर जन्म काढला," बर्ल म्हणाला.

"म्हणूनच तो हात मिळवायला कुणाला हात देत नसे," हॅस्केल म्हणाला.

तुम्हाला हे हसण्यावारी न्यायचं वाटेल. पण आमच्या खोऱ्यात तीन मैलांत चार सभाघरं आहेत, आणि ती चार का झाली याचा इतिहास काढला तर मुठीपेक्षा मोठं कारण एकाही ठिकाणी सापडणार नाही. दोन आठवडे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी मी दोन्ही मुठी मागवल्या. बर्ल आला की गोल लावायची, हॅस्केल येताना दिसला की रूळ. एकदा दोघे एकदम आले तेव्हा मी दांडाच काढून पाठीमागे लपवला.

नवव्या पानावर होतं इशारा देणारं यंत्र. पुंगळीत दारू कमी पडली की ते किंचाळतं. सुरक्षिततेशी खेळ नको, म्हणून तेही आलं. जोडल्या क्षणापासून ते किंचाळू लागलं, कारण यंत्रात दारू मुळी नव्हतीच. तसं पाहता त्याचं बरोबरच होतं. रेथा वरून धावत आली, भट्टीतला केक करपला समजून. भट्टीत केकच नव्हता हे तिला अर्ध्या जिन्यावर आठवलं आणि उरलेला अर्धा जिना ती फार सावकाश उतरली.

"हे बंद होतं का?" तिने विचारलं.

"दारू भरली की होईल."

"आणि दारू कधी भरणार?"

"जोडसामान पूर्ण झालं की."

माझ्याकडे तिने जे पाहिलं ते मी सूचीच्या कोणत्याच पानावर नोंदवू शकलो नाही.

मग यंत्राच्या आतला दिवा आला. तयार काडतुसांसाठी दोनशेचा डबा आला. हॅस्केल म्हणाला दोनशेचा काय करायचा, म्हणून पाचशेचा आला. धूळ बसू नये म्हणून खोळ आली. आणि बाविसाव्या पानावर आलं ते पुंगळ्यांचं पिंप. हे म्हणजे सगळ्यांचा राजा. विजेवर फिरणारं पातेल्याएवढं पिंप. त्यात पुंगळ्या ओता, ते खडखडत त्यांना सरळ उभं करतं आणि एकेक करून नळीतून खाली सोडतं. हे बसतं यंत्राच्या डोक्यावर. यंत्र चौथऱ्यावर, चौथरा टेबलावर, आणि तळघराचं छत माझ्या टोपीला लागतं एवढंच उंच.

"चौथरा काढ," असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. बर्ल म्हणाला, "भोक पाड."

छतापलीकडे स्वयंपाकघर होतं. आणि घराच्या जमिनीला भोक पाडायचं तर काउंटीचा परवाना लागतो. हे मला ठाऊक असायलाच हवं होतं, कारण तो नियम मीच लिहिला होता.

कचेरीत माझ्या खुर्चीवर आता शार्लीन बसते. तिला मीच तयार केलं. तिने माझा अर्ज दोन बोटांत धरला.

"सर, 'कारण' या रकान्यात तुम्ही 'पिंप' लिहिलंय."

"रकाना अर्ध्या इंचाचा आहे, बाई. त्यात आणखी काय मावणार?"

"रकाना तुम्हीच अर्ध्या इंचाचा ठेवलात, सर. म्हणायचात, ज्याला याहून जास्त लिहावं लागतं त्याचा हेतू शुद्ध नसतो."

म्हणालो होतो. अर्ज परत आला. दुसऱ्यांदा तुळयांचा नकाशा नाही म्हणून परत आला. तिसऱ्यांदा नकाशावर उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून. कचेरीच्या पायऱ्यांवर मला बर्ल भेटला. सोळा वर्षांपूर्वी त्याच्या ओसरीचा अर्ज मी याच तीन कारणांनी, याच क्रमाने परत केला होता. त्याने टोपी काढून मला वाट करून दिली. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

ऑक्टोबर निम्मा सरल्यावर परवाना मिळाला, पण एका अटीवर: जमिनीतल्या कुठल्याही उघड्या भोकाभोवती बेचाळीस इंच उंच कठडा हवा. हेही माझंच कलम. तपासनीस स्वतः फूटपट्टी घेऊन आला. अशा रीतीने आमच्या स्वयंपाकघराच्या मधोमध, चुलीच्या समोर, जमिनीतून एक पिंप वर आलं आणि त्याच्याभोवती पांढरा कठडा उभा राहिला. घेवड्याच्या शेंगांचं भांडं घेऊन रेथाला आता त्याला प्रदक्षिणा घालून टेबलापर्यंत यावं लागे.

"ऑर्बिन," एके दिवशी मक्याची भाकरी माझ्या ताटात टाकत ती म्हणाली, "माझ्या घरात कुणाचं तरी स्मारक बांधलंयस. कोण वारलंय तेवढं सांग, म्हणजे फुलं वाहते."

"थोडे दिवस, रेथा. आता सगळं पूर्ण झालंय."

"एल्झीभाऊ मघाशी फाटकापाशी आले होते. मला म्हणाले, कोण, रेथा का? मी चार पावलांवर उभी होते, ऑर्बिन."

भाकरी ताटात ठेवली. तसाच उठलो, तळघरात गेलो, कॉफीच्या डब्यातली एक पुंगळी उचलली आणि यंत्राच्या चकतीवर ठेवली.

बसेना. पुंगळीचं बूड रुंद, चकतीची खाच अरुंद. उलटी करून पाहिली, फुंकर मारून पाहिली, मनातल्या मनात प्रार्थना करून पाहिली. मग कंपनीला फोन लावला. पलीकडून एका मुलीचा साखरेसारखा आवाज आला. मी माप सांगितलं.

"सर, त्या मापाची चकती आम्ही कधी केलीच नाही."

"कधीच?"

"बाकी एकशे सतरा मापांच्या आहेत. सूचीच्या शेवटच्या पानावर पूर्ण यादी दिलीय, सर. तुम्ही शेवटचं पान पाहिलं नाहीत का?"

"मी पानापानाने येत होतो," मी म्हणालो.

पलीकडून खाकरल्यासारखा आवाज आला. ती हसत नव्हती, असं मी आजही धरून चालतो.

मोसम उघडायला अकरा दिवस उरले होते. बर्लला विचारलं, त्याच्याकडे त्या मापाचे साचे नव्हते. हॅस्केलकडेही नव्हते, त्या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं. रविवारी मी सभाघरात उभा राहिलो, ऑगस्टात राहिलो होतो त्याच फळीवर. मोजे घामाने भिजले होते आणि या वेळी नदीचा काही संबंध नव्हता.

"मंडळी, मी शब्द दिला होता. माझ्याकडे चौथरा आहे, दोन मुठी आहेत, दिवा आहे, किंचाळणारं यंत्र आहे, पाचशेचा डबा आहे, परवानाप्राप्त कठडा आहे. काडतूस एकही नाही. मी शेखी मिरवली. साधी प्रेस पुरली असती, पण ती मागायला माझ्या तोंडाला लाज वाटली."

मला वाटलं कुणीतरी हसेल. सभाघरात कुणीही हसलं नाही. एल्झीभाऊ चाचपडत पुढे आले, हात लांबवला, माझा खांदा सापडला, मग हात सापडला.

"ऑर्बिन, मी तुला शब्दातून मोकळं करतो, बाबा. वाईट वाटून घेऊ नकोस. हरणांना बरं वाटेल."

ते जर चिडले असते तर मी ओहायोला गेलो असतो. असे बोलले, म्हणून मी तिथेच रडलो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने ओपलबाईंचा आवाज आला. ओपलबाई म्हणजे होबर्टची विधवा, वय एक्याऐंशी, सभाघरात बोलल्या तर वर्षातून दोनदा.

"किती हवी होती म्हणालास?"

"वीस."

"माझ्या होबर्टची बंदूक त्याच मापाची होती. त्याच्या नि एल्झीभाऊंच्या बापांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतल्या होत्या. त्याचं भरायचं हत्यार आहे माझ्या खणात, लाटण्याशेजारी. बुधवारी या दोघं. दारू, गोळ्या नि बार पेटवायच्या टिकल्या तू आण, पोरा. त्या तरी घेतल्यास ना?"

घेतल्या होत्या. पाच हजारांना पुरतील एवढ्या.

बुधवारी ओपलबाईंनी टेबल पुसून कोरडं केलं, चूल विझवली आणि खणातून ते हत्यार काढलं. अक्रोड फोडायच्या अडकित्त्यापेक्षा थोडं मोठं. बस, एवढंच. शेजारी एक लहानसा तराजू. त्या एकेक माप तोलायच्या, पुन्हा तोलायच्या, मग माझ्याकडे द्यायच्या; मी हत्यार दाबायचं. एल्झीभाऊंनी प्रत्येक तयार काडतूस बोटांनी चाचपून पाहायचं आणि फडक्यावर ओळीत ठेवायचं.

"ओपलबाई," चौथ्या काडतुसाला मी म्हणालो, "माझ्याकडे एक यंत्र आहे, दारू कमी पडली की ते लगेच..."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तोलताना बोलायचं नाही."

पुढची सोळा काडतुसं मी तोंड मिटून केली. दुपारच्या जेवणाची भांडी घासायच्या आत काम संपलं. नंतर त्यांनी थरांचा सफरचंदाचा केक कापला, आणि एल्झीभाऊ प्रार्थनेला सुरुवात करता करता सुरात शिरले. त्या गायनात अडकित्त्याचाही उल्लेख आला.

शनिवारी मोसम उघडला. एल्झीभाऊ सकाळी एकटेच ओपलबाईंच्या मागच्या चढावर गेले. बरोबर कुणी नको म्हणाले. आम्ही सगळे ओपलबाईंच्या ओसरीवर. आमचं खोरं असं आहे की वरचा प्रत्येक बार खाली ऐकू येतो, आणि कोण किती बार काढतो हे वर्षभर लक्षात ठेवलं जातं. भला शिकारी एक काढतो. दोन झाले तर चहाटळपणा सुरू होतो.

साडेआठला पहिला बार झाला. मी मूठ आवळली. लगेच दुसरा. तिसरा.

"जखमी झालं असेल," मी म्हणालो.

चौथा, पाचवा. "ऑर्बिन," बर्ल म्हणाला, "तुझ्या गोळ्या अर्ध्यातून परत फिरतायत का?"

"गोळी नीट बसवली नसेल," हॅस्केल म्हणाला. "मूठ कुठली होती?"

नववा. माझे कान लाल झाले. काडतुसं वाकडी भरली गेली, म्हाताऱ्याची शेवटची शिकार मी बिघडवली, दुसरं काय? ओपलबाई शेंगांचे दोरे काढत नुसत्या मोजत होत्या. "चौदा... पंधरा." आवाजात काही नव्हतं, पण शेंगा जोरात मोडत होत्या. समोरच्या डोंगरावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "एकोणीस." मोठा थांबा. "वीस."

तासाभराने एल्झीभाऊ काठी टेकत उतरले. चेहरा असा उजळलेला की प्रवचनानंतरसुद्धा मी तसा पाहिला नव्हता.

"भाऊ," बर्लने विचारलं, "लागलं का काही?"

"लागलं तर! वीसच्या वीस."

"मग हरीण कुठंय?"

"उभंय अजून."

बर्ल आणि हॅस्केल एकमेकांकडे न पाहता चढ चढून गेले. परत आले तेव्हा दोघांच्याही टोप्या हातात होत्या.

"जुनं खोड आहे, उतारावरचं," बर्ल हळू आवाजात म्हणाला. "वर दोन सुक्या फांद्या, शिंगांसारख्या. पण वीसही भोकं... ऑर्बिन, माझ्या एका तळहाताखाली झाकली रे."

"माझ्याही," हॅस्केल म्हणाला.

"मला कुजबुजून काय सांगताय?" एल्झीभाऊ ओसरीच्या पायरीवर बसत हसले. "दहाव्या बाराला कळलं होतं मला. हरीण इतका वेळ प्रवचनालासुद्धा उभं राहत नाही."

"मग थांबला का नाहीत?" मी विचारलं.

"अरे, इतकी सरळ जात होती रे! एकही फुसकं नाही, एकही वाकडं नाही. लहानपणी बाबांच्या हातातून ऐकायचो तसा आवाज. शेवटचं आहे हे ठाऊक असताना मधेच कोण उठेल?"

बंदूक मांडीवर होती, तिच्यावरून ते हात फिरवत राहिले.

"पण पहिली नऊ," ते म्हणाले, "मी हरीण समजूनच झाडली. त्या जागी बर्ल बसला असता तर?"

ओपलबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

एल्झीभाऊंनी बंदूक उघडली, रिकामी आहे हे बोट घालून पाहिलं आणि ती ओपलबाईंच्या हातात दिली. "होबर्टच्या बंदुकीशेजारी ठेवा, बाई. त्या दोघी दुकानातही शेजारीच होत्या." आणि माझ्याकडे वळून हात पुढे केला. माझ्या दिशेच्या जरा डावीकडे. मी सरकलो आणि तो धरला.

"ऑर्बिन, दिलेला शब्द मी सोडला होता. तरी तू पाळलास. आता काठी दे, मला उद्याचं प्रवचन जुळवायचंय. खोडावर आहे."

आता त्यांना आमचे चेहरे दिसत नाहीत. हात मिळवला की माणूस ओळखतात. सूर मात्र तसाच आहे. म्हणून तुम्हाला एवढंच मागणं: आपल्या घरी, आपल्या देवासमोर हात जोडाल तेव्हा एक नाव घ्या. एल्झी मॅगार्ड. डोळ्यांसाठी काही मागू नका, ते नको म्हणतात. त्यांचा श्वास लांब टिकू दे, एवढं म्हणा.